वस्तू धनी की चाकर?



आता तुम्ही वाचू लागला आहात. एस.टी.ची पाटी वाचता. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता. फोनवर आलेला निरोप अक्षराला अक्षर लावून वाचता. म्हणून आजच्या पाठात आपण घरात येणाऱ्या वस्तूंविषयी वाचू.

आपल्या आजीच्या घरी काय होते? जाते होते. चूल होती. पाटा-वरवंटा होता. कंदील होता. आज आपल्या घरी काय आहे? विजेचा दिवा आहे. पंखा आहे. मिक्सर आहे. टी.व्ही. आहे. दारात मोटारसायकल आहे. आणि घरातल्या बहुतेकांच्या हातात फोन आहे.

या वस्तूंविषयी पारावर दोन मते ऐकू येतात. एक जण म्हणतो, "यंत्रानं माणूस सुखी झाला जी. पोरगा पुण्याला आहे, पण रोज संध्याकाळी त्याचं तोंड दिसते." दुसरा म्हणतो, "कायचं सुख बाप्पा! घरात चार माणसं आहेत, अन् चौघंही चार दिशेला मान खाली घालून बसली आहेत."

दोघेही खरे बोलतात. पण दोघेही अर्धेच बोलतात. वस्तू चांगली की वाईट, एवढे विचारून भागत नाही. आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ही वस्तू आपल्या घरात चाकर म्हणून राहते, की धनी होऊन बसते?

१. गांधीजी यंत्राच्या विरुद्ध होते काय?

आपले सेवाग्राम वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर आहे. पूर्वी या गावाचे नाव शेगाव होते. महात्मा गांधी १९३६ साली येथे राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव आहे. त्यामुळे पत्रांचा घोटाळा होई. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले.

पुष्कळांना वाटते, गांधीजी सगळ्या यंत्रांच्या विरुद्ध होते. हे खरे नाही. ते आगगाडीने फिरत. तारा पाठवत. त्यांच्या कमरेला घड्याळ असे, आणि ते मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवत. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीत निर्वासित लोक होते. त्यांच्याशी ते रेडिओवरून बोलले.

आश्रमात टेलिफोनही होता. तुम्ही आश्रमात गेलात तर तो आजही पाहायला मिळतो. त्या काळी लॉर्ड लिनलिथगो हे व्हाइसरॉय होते. त्यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. पण तो कोठे आहे ते नीट पाहा. तो बापू कुटीत नाही. तो कचेरीच्या झोपडीत आहे. तेथेच साप पकडून ठेवण्याचा पिंजराही आहे. आश्रमात साप निघाला तर तो मारत नसत. पकडून दूर नेऊन सोडत. सापाची जागा ठरलेली होती, तशी फोनचीही ठरलेली होती.

यातून आपण काय घ्यावे? फोन नको, असे नाही. फोन असावा. पण त्याची जागा असावी.

१९२४ साली रामचंद्रन नावाच्या तरुणाने गांधीजींना विचारले, तुम्ही सगळ्या यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? गांधीजींच्या उत्तराचा अर्थ असा होता: माझे शरीर हेच एक नाजूक यंत्र आहे. चरखा हेही यंत्रच आहे. माझा विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. मग त्यांनी शिलाई-मशीनचे उदाहरण दिले. सिंगर नावाच्या माणसाने आपल्या बायकोला हाताने शिवताना पाहिले. तिचे कष्ट त्याला पाहवले नाहीत. म्हणून त्याने हे यंत्र काढले, असे गांधीजींनी सांगितले. ज्या यंत्राच्या मुळाशी माया आहे, ते यंत्र त्यांना मान्य होते.

२. एक लाख रुपयांची अट

चांगली वस्तू कशी असावी? याचे उत्तर एका जुन्या जाहिरातीत सापडते.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केले. जो कोणी सुधारलेला चरखा करील, त्याला एक लाख रुपये! त्या काळचे एक लाख, बरं का. पण अटी कडक होत्या. त्यांतल्या काही पाहा.

चरखा हलका असावा. साध्या झोपडीत तो चालावा. हाताने किंवा पायाने फिरावा. बाईने आठ तास चालवला तरी ती फार थकू नये. त्याची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. तो वीस वर्षे टिकावा. दुरुस्तीचा खर्चही वर्षाला थोडकाच यावा.

पुष्कळांनी खटपट केली. आपल्या महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही असा चरखा तयार झाला. पण सगळ्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

बक्षीस राहू द्या. अटी लक्षात ठेवा. त्या चरख्यासाठी होत्या, पण कोणत्याही वस्तूला लावता येतात. ही वस्तू माझ्या घरात चालेल काय? घरची बाई ती न थकता वापरील काय? किंमत झेपेल काय? ती किती वर्षे टिकेल? मोडली तर दुरुस्त होईल काय, आणि कोठे?

आता या अटी आपल्या खिशातल्या फोनला लावून पाहा. काच फुटली तर ती बदलायला किती पैसे पडतात? बॅटरी किती वर्षे चालते? दुकानदार सांगतो, "हा जुना झाला, नवा घ्या." खरेच जुना झाला काय? बोलणे होते, निरोप येतो, पैसे पाठवता येतात. मग काम अडले कोठे?

वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. ते १९३८ साली सुरू झाले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले. त्यांचे नाव या जागेला दिले आहे. जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत ग्रामोद्योगाचे मोठे काम केले. तेथे 'मगन दीप' नावाचा दिवा निघाला. तो रॉकेलवर नव्हे, गावच्या घाणीच्या तेलावर जळे. तसेच बिनधुराची 'मगन चूल' निघाली. म्हणजे त्या लोकांनी यंत्राकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी विचारले, या वस्तूने कोणाचे डोळे वाचतील? पैसा गावात राहील की बाहेर जाईल?

३. आधी कोणती वस्तू आणावी?

एकदा आम्ही वर्गात बायांना विचारले, "तुमच्या घरी कोणती वस्तू आधी आली?"

एक माय म्हणाली, "गुरुजी, आधी टी.व्ही. आला. मग गाडी आली. मिक्सर मी बचत गटाच्या पैशातून आणला."

दुसरी म्हणाली, "आमच्याकडे फोन तीन आहेत जी. पण पाणी अजून डोक्यावरूनच आणते."

सगळ्या हसल्या. पण ही हसून सोडण्याची गोष्ट नाही.

जात्याची गोष्ट घ्या. पहाटे उठून बाई दळत असे. दळताना ओव्या म्हणत असे. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ओव्याही कमी झाल्या. पुष्कळ लोक हळहळतात, "काय गोड ओव्या होत्या!" ओव्या गोड होत्याच. पण दळणाऱ्या हाताला घट्टे पडत, हेही खरे आहे. ज्याने कधी दळले नाही, त्याने जात्याचे गुण गाऊ नयेत. ओव्या लिहून ठेवाव्यात, गाव्यात. दळण गिरणीत न्यावे. गिरणी ही चाकर आहे. तिने पहाटेची दोन घटका झोप बाईला परत दिली.

गॅसच्या शेगडीचेही तसेच. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. पुष्कळ घरी शेगडी आली. धुराने डोळे चुरचुरायचे ते थांबले. पण सिलिंडर संपला की काही घरी पुन्हा चूल पेटते. कारण भरायला पैसे नसतात. अशा घरी फोनचा रिचार्ज मात्र चुकत नाही. दोन्हींचा खर्च एकदा शेजारी शेजारी लिहून पाहा. मग घरात बसून बोला. भांडायचे नाही, बोलायचे.

आमचे मत असे आहे. ज्या वस्तूने घरातल्या सर्वांत जास्त राबणाऱ्या माणसाचे कष्ट कमी होतील, ती वस्तू आधी यावी. करमणुकीची वस्तू मागून यावी.

४. हप्ता म्हणजे काय?

दुकानात पाटी असते: "आज घ्या, पैसे मागून द्या." पाटी वाचता येते, पण हिशेबही वाचता यायला हवा. चला, करून पाहू.

समजा, एका फोनची रोख किंमत १२,००० रुपये आहे.
हप्त्याने घेतला तर आधी भरायचे २,००० रुपये.
मग दर महिन्याला १,००० रुपये, असे १२ महिने. म्हणजे १२,००० रुपये.
एकूण झाले १४,००० रुपये.
१४,००० वजा १२,००० म्हणजे २,००० रुपये जास्त गेले.

हप्ता चुकला तर दंड वेगळा. कोठे "व्याज नाही" असे लिहिलेले असते. तेथे विचारा, "कागदाचा खर्च किती? रोखीने घेतला तर किंमत कमी होईल काय?" कागदावर सही करण्याआधी सगळे वाचा. आता तुम्हाला वाचता येते. "घाई करू नका, मला वाचू द्या," असे म्हणायला लाजू नका.

आपल्या भागात कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येऊ लागतो. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आषाढातही येतो. तेव्हा घरात बियाण्याचे, खताचे, शाळेच्या वह्यांचे पैसे लागतात. पेरणीच्या तोंडावर हप्त्यासाठी उसने काढावे लागले, तर ती वस्तू धनी झाली आणि आपण तिचे सालदार झालो.

५. फोन कोणाच्या हातात?

एका घरी एकच फोन असला तर तो कोणाच्या हातात असतो? बहुतेक घरी पुरुषाच्या हातात. मग मुलाच्या. मग मुलीच्या. बाईच्या हातात सर्वांत शेवटी.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. धडे फोनवर येऊ लागले. ज्या घरी फोन एक आणि शिकणारी लेकरे दोन, तेथे काय झाले? काही घरी भावाला फोन मिळाला आणि बहिणीला सांगितले, "तू भांडी घास, मग पाहू." हे आम्ही ऐकले आहे. तुम्हीही ऐकले असेल.

आता दुसरी गोष्ट. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. तिचे पैसे बाईच्या बँक खात्यात जमा होतात. पण पैसे जमा झाल्याचा निरोप कोठे येतो? बँकेला जो नंबर दिला आहे, त्या फोनवर. तो फोन दुसऱ्याच्या खिशात असला, तर खाते बाईचे आणि खबर दुसऱ्याला! म्हणून मायबहिणींनो, तुमच्या खात्याला कोणता नंबर जोडला आहे ते बँकेत जाऊन विचारा. निरोप स्वतः वाचा. वाचायला शिकल्याचा हा मोठा उपयोग आहे.

मुलींच्या बाबतीत बाप म्हणतो, "पोरीच्या हाती फोन दिला तर ती बिघडते." मुलगा बिघडत नाही काय? नियम करायचा तर दोघांना सारखा करा. एकाला सूट आणि दुसरीला बंदी, हा नियम नव्हे, हा पक्षपात आहे.

६. दोन गावांची गोष्ट

फोनचे काय करावे, याचा विचार आपल्या महाराष्ट्रातल्या गावांनीही केला आहे. दोन गावांची गोष्ट सांगतो.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात बांशी नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ग्रामपंचायतीने ठराव केला. अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. वापरला तर २०० रुपये दंड.

दुसरे गाव सांगली जिल्ह्यातले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात मुलांना फोनची सवय लागली होती. शाळा सुरू झाल्या तरी मुलांचे अभ्यासात लक्ष लागेना. मोठी माणसेही टी.व्ही.पुढून उठेनात. तेव्हा १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक रीत सुरू केली. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की टी.व्ही. बंद, मोबाइल बंद. मुले वह्या-पुस्तके घेऊन बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. मग ज्याला जे पाहायचे ते पाहावे. पहिल्यांदा ही गोष्ट पुरुष मंडळींना पटत नव्हती. बायांनी ग्रामसभेत ती उचलून धरली. सुरुवातीला काही जणांनी घरोघर फिरून लोकांना समजावले.

आता या दोन रीतींत फरक काय, ते पाहू.

पहिल्या गावाने मुलांना बंदी केली. दुसऱ्या गावाने सगळ्यांना बंदी केली, पण दीड तासापुरती. मोठ्यांनीही फोन ठेवायचा. बापाच्या हाती फोन असताना त्याने पोराला "अभ्यास कर" म्हटले, तर पोरगा ऐकेल काय? लेकरू आपले ऐकून शिकत नाही, आपल्याला पाहून शिकते. म्हणून आम्हांला दुसरी रीत अधिक बरी वाटते. बांशीच्या लोकांची काळजीही खरी होती. पण दंडाने भीती बसते, सवय लागत नाही.

गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. त्या दिवशी काही सांगायचे असले तर चिठ्ठीवर लिहून देत. देशाची एवढी कामे ज्याच्या डोक्यावर, तो माणूस आठवड्यात एक दिवस गप्प राहू शकत होता. आपल्याला दिवसातून दीड तास फोन खाली ठेवता येणार नाही काय?

भोंगा नसला तरी चालेल. घरात एक कोनाडा ठरवा. जेवताना सगळ्यांचे फोन त्या कोनाड्यात. पाहुण्याचाही तेथेच. आजारपण, बाळंतपण अशा अडीअडचणीला एक फोन चालू ठेवावा. बाकीचे झोपू द्यावेत.

७. फोनवरचा चोर

पूर्वी चोर भिंतीला भोक पाडून येई. आता तो फोनवरून गोड बोलत येतो. म्हणून चार गोष्टी पाठ करा.

फोनवर आलेला ओ.टी.पी., म्हणजे गुप्त आकडा, कोणालाही सांगू नये. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही.
पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात.
पोलीस फोनवरून कोणालाही अटक करीत नाहीत. असे कोणी म्हटले तर तो चोर समजावा.
फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

फसलेल्या माणसाला हसू नये. हसले की तो गप्प बसतो, आणि चोराला पुढचे घर सापडते.

८. खरेदीआधीचे पाच प्रश्न

आता सगळ्या पाठाचे सार सांगतो. नवी वस्तू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. सून, सासू, लेक, सगळ्यांनी. आणि हे पाच प्रश्न विचारावेत.

१. या वस्तूने घरात कोणाचे कष्ट कमी होतील?
२. तिचे पैसे कोठून येतील? पेरणीच्या दिवसांत हप्ता झेपेल काय?
३. ती मोडली तर कोठे दुरुस्त होईल?
४. ती घरातल्या सगळ्यांना वापरता येईल काय, की एकाच्याच हाती राहील?
५. तिची घरातली जागा कोणती आणि वेळ कोणती?

पाचांची उत्तरे बरी आली तर वस्तू खुशाल आणावी. तिला पाहून जीव चुकचुकू देऊ नये. उत्तरे बरी आली नाहीत तर थोडे थांबावे. शेजाऱ्याने आणली म्हणून आपण आणावी, असा कोठे कायदा नाही.

वस्तू घ्यायची ती आपल्या गरजेसाठी. तिला हुकूम आपण द्यावा. तिचा हुकूम आपण ऐकू नये.

शब्द समजून घ्या

निर्वासित – घर-गाव सोडून यावे लागलेला माणूस
व्हाइसरॉय – इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मोठा अधिकारी
सालदार – वर्षाच्या बोलीने दुसऱ्याकडे राबणारा गडी
पक्षपात – एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय देणे
ठराव – सभेत सगळ्यांनी मिळून केलेला निर्णय

उत्तरे सांगा

१. आश्रमातला टेलिफोन कोठे ठेवलेला आहे? त्यावरून आपण काय शिकावे?
२. एक लाखाच्या बक्षिसाच्या कोणत्याही तीन अटी सांगा.
३. बांशी आणि मोहित्यांचे वडगाव यांच्या रीतींत काय फरक आहे? तुम्हाला कोणती पटते? का?
४. एका मिक्सरची रोख किंमत ३,००० रुपये आहे. हप्त्याने घेतला तर ५०० रुपयांचे ७ हप्ते पडतात. किती रुपये जास्त गेले?

करून पाहा

तुमच्या घरातल्या वस्तूंची यादी वहीत लिहा. प्रत्येक वस्तूपुढे 'धनी' किंवा 'चाकर' असे लिहा. यादी घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. ज्या वस्तूपुढे 'धनी' आले, तिला चाकर कसे करायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवा.